घरी बनवलेलं यंत्र: लोखंडी भागांचा रंग आणि गंजापासून बचाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ड्रिल प्रेस, बेल्ट ग्राइंडर, सीएनसी राउटर, छोटा लेथ, हायड्रॉलिक प्रेस अशी जी यंत्रं घरच्या घरी वेल्डिंग करून किंवा बोल्टने जोडून बनवली जातात, त्यांच्या रंगकामाबद्दल हे प्रश्न आहेत. गेटला रंग देताना प्रत्येक इंच झाकायचा असतो. यंत्रात मात्र सगळ्यात महत्त्वाच्या जागा उघड्याच ठेवायच्या असतात, आणि त्या कुठल्या हे डबा उघडायच्या आधी ठरवावं लागतं.

यंत्र छपराखाली, कोरड्या खोलीत राहणार आहे. रंग द्यायलाच हवा का?

हवा. लोखंड गंजायला पाऊस लागत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंजाचा वेग वाढतो. धूळ, मीठ किंवा हाताचा घाम लागलेला असेल तर त्याआधीच सुरुवात होते. रात्रभर थंड झालेल्या जाड प्लेटला सकाळी उबदार, दमट हवा लागली की तिच्यावर दव धरतं. पातळ पत्रा लगेच तापतो, जाड प्लेट उशिरा तापते, म्हणून नेमके जड आणि महागडे भाग आधी गंजतात. शिवाय गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. जोडात शिरला की बोल्ट जाम करतो आणि नीट बसवलेलं आलाइनमेंट हलवतो.

रंगाचा दुसरा फायदा सफाईचा. रंगवलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावरून कीस आणि तेल एका चिंधीने निघतं, खरबरीत लोखंडावरून निघत नाही.

कुठल्या भागांना रंग द्यायचा नाही?

जिथे धातूला धातू टेकून माप ठरतं, जिथे काही सरकतं किंवा फिरतं आणि जिथून वीज जायला हवी, त्या सगळ्या जागा उघड्या. म्हणजे लिनिअर रेल (ज्यावरून भाग सरळ रेषेत सरकतो ती पोलादी पट्टी) बसायच्या पट्ट्या, बेअरिंगच्या जागा, शाफ्ट, गाइड रॉड, लीड स्क्रू (फिरून भाग पुढे-मागे सरकवणारा लांब आट्यांचा दांडा), मोटर बसवायच्या प्लेटचा तोंडावरचा भाग, टेबलाचा वरचा पृष्ठभाग, आटे पाडलेली भोकं, अर्थिंगचा बोल्ट.

थोडा हिशेब करून बघा. ऑइल पेंटचा एक हात वाळल्यावर साधारण २५ ते ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो. प्रायमर धरून तीन हात दिले तर ०.१ मिलिमीटरच्या आसपास. जोडाच्या दोन्ही तोंडांना रंग असेल तर दुप्पट. रेलच्या बैठकीवर आपण शतांश मिलिमीटर शोधत असतो, तिथे हा थर म्हणजे फार मोठी गोष्ट आहे, आणि तो सगळीकडे सारखा जाड नसतोच.

जाडीपेक्षा वाईट आहे तो मऊपणा. बोल्ट आवळल्यावर खालचा रंग दाबाने हळूहळू बाजूला सरकतो, तेवढा बोल्टचा ताण उतरतो आणि कंपनाने जोड ढिला पडतो. मग स्प्रिंग वॉशर बदलले जातात, आटे पक्के करणारा डिंक लावला जातो, पण रंग तसाच आत राहतो. ताण घेणाऱ्या जोडात तोंडाला तोंड उघडंच हवं. बसवताना तिथे तेलाचा पुसट हात फिरवा, आणि जोडणी, मापं, सगळं झाल्यावर बाहेरच्या फटीच्या रेषेवर बारीक ब्रशने रंग ओढा, म्हणजे आत पाणी शिरत नाही. कव्हर, गार्ड, पत्र्याचे डबे यांच्या जोडात रंग असला तरी काही अडत नाही.

मग या जागा रंगवताना झाकायच्या कशा?

आटे असलेल्या भोकात जुना बोल्ट चार आटे फिरवून ठेवा. बेअरिंगच्या जागेत पुठ्ठ्याची चकती किंवा घट्ट गुंडाळलेला कागद बसतो. पट्ट्यांना मास्किंग टेप लावून कडेने ब्लेड फिरवायचं. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, मागच्या मागे दुमडत सावकाश काढायचा. राहून गेला तर रंगाची कड घेऊनच सुटतो.

काही जण टेपऐवजी ग्रीस फासतात. करू नका. ब्रशबरोबर ते जिथे रंग धरायला हवा तिथेही जातं.

नव्या अँगलवर, चॅनेलवर निळसर काळा चकचकीत थर असतो. त्यावरच प्रायमर मारला तर?

बहुतेक फसलेल्या रंगकामाचं मूळ इथे सापडतं, म्हणून सविस्तर सांगतो. तो थर म्हणजे मिल स्केल. लोखंड तापलेलं असताना रोलमधून काढतात, तेव्हा पृष्ठभागावर ऑक्साइडची ही पपडी धरते. दिसायला छान, कडक आणि गुळगुळीत. पण ती ठिसूळ आहे आणि लोखंडाला पक्की धरलेली नसते. वाकवलं, ठोकलं, वेल्डिंगच्या उष्णतेने फुगलं-आकसलं की तिला बारीक तडे जातात. त्यात पाणी शिरलं की आणखी एक भानगड होते. पपडी आणि उघडं लोखंड यांची एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजायचं काम लोखंडाकडे येतं. म्हणून तड्याखाली गंज खड्डे पाडत आत जातो.

प्रायमर पपडीला उत्तम धरतो. पपडीच लोखंडाला सोडते. कुठल्याही रंगवलेल्या यंत्रावर पोपडा सुटलेला दिसला तर तो उचलून पाठीमागून बघा. मागे काळा थर चिकटून आलेला असेल तर रंगाच्या कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

काढायला ग्राइंडरवर ४० किंवा ६० नंबरची फ्लॅप डिस्क सगळ्यात सोयीची. तारेच्या ब्रशने मिल स्केल निघत नाही, उलट घासून चकाकतो आणि निघाल्याचा भास होतो. खाली करडा, मंद चमकीचा धातू दिसेपर्यंत थांबायचं नाही. मात्र मापाच्या तोंडांवर ग्राइंडर नको. तिथे सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून हाताने घासा.

ब्राइट बार किंवा कोल्ड रोल्ड पत्रा असेल तर हा प्रश्न येत नाही. तिथे फक्त तेल असतं, आणि पृष्ठभाग फार गुळगुळीत असल्यामुळे ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने ओरखडे पाडावे लागतात.

घासण्यापेक्षा ॲसिडमध्ये बुडवलं तर चालेल का?

छोट्या भागांना चालतं. पाण्यात ५ ते १० टक्के सायट्रिक ॲसिड घालून रात्रभर ठेवलं की पपडी आणि गंज दोन्ही मऊ पडतात आणि ब्रशने निघतात. व्हिनेगरही चालतं, वेळ जास्त लागतो. बाहेर काढल्यावर धुवा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, पुन्हा धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा.

दोन ठिकाणी ॲसिड वर्ज्य. एक, पाणी दिलेल्या कडक भागांना, म्हणजे स्प्रिंग आणि १०.९ किंवा १२.९ शिक्क्याचे बोल्ट. ॲसिडमध्ये सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो, ते ठिसूळ होतं आणि नंतर ताणाखाली अचानक तुटतं. दोन, एकावर एक प्लेट ठेवून वेल्ड केलेले भाग. फटीत गेलेलं ॲसिड कितीही धुतलं तरी आत राहतं आणि रंगाखालून पाझरत बसतं.

हायड्रोक्लोरिक ॲसिड पटकन काम करतं, पण त्याची वाफ खोलीतल्या प्रत्येक हत्यारावर गंज आणते. झाकण लावलेली बाटलीसुद्धा यंत्रांच्या खोलीत ठेवू नये.

आधी घासायचं की आधी तेल काढायचं?

आधी तेल. तेलकट लोखंडावर पॉलिश पेपर चालवला तर तेल ओरखड्यांत आत ढकललं जातं. ॲसिटोन किंवा थिनरने पुसा, पण एकच चिंधी फिरवत राहिलात तर तेल फक्त पसरतं. एक चिंधी ओली, दुसरी कोरडी, आणि दोन्ही वरचेवर बदला. घासून झालं की पुन्हा एकदा पुसा.

तेल गेलं का हे बघायला पाण्याचा शिडकावा मारा. पाणी एकसंध पसरलं तर स्वच्छ. थेंब गोळा झाले तर अजून तेल आहे. नंतर अर्थात लगेच वाळवायचं.

एक इशारा: ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांत क्लोरीनयुक्त द्रावण असतं. त्याने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. वेल्डिंग बाकी असेल तर ॲसिटोन वापरा, आणि तेही पूर्ण उडून जाऊ द्या.

घासल्यानंतर प्रायमर किती वेळात लावायचा?

त्याच दिवशी, जमलं तर तासाभरात. दमट हवेत उघड्या लोखंडावर काही तासांत पिवळसर झाक येते. उघड्या हाताने धरलेल्या जागी बोटांचे ठसे तर सकाळी अगदी रेषा मोजता येतील इतके स्पष्ट उमटलेले असतात. पुसल्यानंतर हातमोजे घालूनच भाग उचला.

हवामानाचा नियम सोपा आहे: आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि लोखंडाचं तापमान दव पडण्याच्या तापमानापेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवं. मोजायला साधन नसेल तर निदान भाग थंड खोलीतून आणून लगेच रंगवू नका.

प्रायमर कुठला घ्यावा? रेड ऑक्साइड पुरतो का?

कोरड्या जागेत चालणाऱ्या, कूलंट (कापताना थंड ठेवायला सोडतात तो द्रव) नसलेल्या यंत्राला पुरतो. रेड ऑक्साइड स्वस्त असतो, ब्रशने लागतो आणि वर ऑइल पेंट छान धरतो. मात्र त्यातला लाल रंग गंज अडवतो हा समज चुकीचा आहे. तो फक्त आडोसा करतो. गंज रोखणारं द्रव्य हवं असेल तर झिंक फॉस्फेट असलेला प्रायमर घ्या. झिंक क्रोमेट घेऊ नका. तो काम चांगलं करतो, पण कर्करोगकारक आहे, आणि घरच्या कामात तो धोका पत्करण्याचं कारण नाही.

यंत्रावर कूलंट, पाणी किंवा सतत तेल पडणार असेल तर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर. मिसळायचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. ते अंदाजाने न घेता मापाने घ्या, कारण हार्डनर कमी-जास्त झाला तर रंग कायमचा चिकट किंवा ठिसूळ राहतो. माझा कल सरळ इपॉक्सीकडे आहे. घासायचे कष्ट तेवढेच पडतात, मग वरचा थर हलका कशाला?

झिंक-रिच प्रायमर हा वेगळा प्रकार. त्यातला जस्ताचा चुरा लोखंडाऐवजी स्वतः झिजतो, पण त्यासाठी त्याचा थेट लोखंडाशी संपर्क हवा. जुन्या रंगावर किंवा दुसऱ्या प्रायमरवर तो मारणं म्हणजे पैसे वाया.

गॅल्वनाइज्ड पाइपवर थेट ऑइल पेंट मारू नका. जस्त आणि त्या रंगातलं तेल यांची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंग पत्र्यासारखा सुटतो. आधी इच प्रायमर (धातूला किंचित खाऊन पकड घेणारा) किंवा जस्तासाठी चालणारा इपॉक्सी हवा. गॅल्वनाइज्ड भाग वेल्ड करायचा असेल तर जोडाजवळचं जस्त आधी काढा. त्याच्या धुराने थंडी-ताप भरतो.

आणि वरचा रंग?

ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक एनॅमल, हाताळायला सोपा आणि नंतर डागडुजीलाही सोपा. कमकुवत बाजू अशी की तो वरून काही तासांत वाळला तरी आतून कडक व्हायला काही आठवडे घेतो, आणि कूलंट किंवा थिनर पडत राहिलं तर मऊ पडतो. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन कडक, चकचकीत आणि रसायनांना दाद न देणारा आहे. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा कार्बनचा मास्क त्याला पुरेसा मानत नाहीत. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर पॉलियुरेथेन गनने मारायचा विचार सोडा. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून ब्रश-रोलरने लावणं त्या मानाने खूपच सुरक्षित.

नुसता इपॉक्सी वरचा रंग म्हणूनही चालतो. उन्हात तो पांढुरका, खडूसारखा होतो. सावलीतल्या यंत्राला त्याचं काही नाही.

छटा मात्र फिकट घ्या. फिकट करड्या किंवा हिरवट रंगावर तेलाची गळती, वेल्डला गेलेला तडा, पडलेला स्क्रू लगेच दिसतो. काळा रंग फोटोत झकास दिसतो, एवढंच.

ब्रश बरा, स्प्रे कॅन की गन?

साधनापेक्षा कडांकडे लक्ष द्या. ओला रंग धारदार कडेवरून मागे ओढला जातो आणि नेमका तिथे थर सगळ्यात पातळ राहतो. म्हणून गंज नेहमी कडेवरून सुरू होताना दिसतो. कानशीने प्रत्येक कड गोल करा, दीड-दोन मिलिमीटरची गोलाई छान. मग मुख्य हात द्यायच्या आधी कडा, वेल्डच्या रेषा आणि भोकांचे काठ यांना ब्रशने एक वेगळा हात द्या. वेल्डवरचा स्लॅग आणि उडालेले मणी त्याआधीच छिन्नीने काढलेले असावेत.

बाकी, प्रायमर ब्रशनेच लावा. तो खाचाखोचांत रेटता येतो. स्प्रे कॅनचा थर फार पातळ असतो, तेव्हा दोनऐवजी चार हात लागतील हे धरून चाला.

रंगाला सुरकुत्या पडल्या किंवा बारीक वाटोळे खड्डे पडले. का?

सुरकुत्या दोन कारणांनी पडतात. पहिला हात कच्चा असताना दुसरा दिला, किंवा ऑइल पेंटवर जहाल थिनरचा रंग मारला. नियम असा की जहाल रंगावर सौम्य रंग चालतो, सौम्यावर जहाल नाही. वाटोळे खड्डे बहुधा सिलिकॉनचे: जवळपास कुणीतरी सिलिकॉन स्प्रे किंवा पॉलिश वापरलेलं असतं. वरून आणखी रंग ओतून ते बुजत नाहीत. वाळू द्या, घासा, थिनरने पुसा, पुन्हा मारा.

पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत भाजणं, करून घेतलं तर?

फ्रेम भट्टीत मावत असेल तर उत्तम. थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन आणि चांगला टणक. पण तो १८० ते २०० अंशांवर भाजतात, तेव्हा बेअरिंग, प्लॅस्टिक, रबर सगळं आधी काढा, आणि खड्डे साध्या बॉडी पुट्टीने भरलेले नसावेत. उघड्या ठेवायच्या जागांचं चित्र काढून सोबत द्या. तोंडी सांगितलेलं भट्टीपर्यंत पोचत नाही. मोठी गोची अशी की नंतर एखादं भोक पाडलं, एखादा कंस वेल्ड केला की तिथली डागडुजी तशी होत नाही. घरचं यंत्र पहिलं वर्षभर बदलतच असतं. सगळे बदल संपल्यावर द्या.

चौकोनी पाइपच्या आतून गंज आला तर कळणारही नाही. काय करावं?

पाइपची दोन्ही टोकं पूर्ण वेल्ड करून हवाबंद केली तर आतला प्राणवायू संपतो आणि गंज थांबतो. पण मध्ये एक जरी बोल्टचं भोक पाडलं की पाइप श्वास घ्यायला लागतो, दमट हवा आत ओढतो आणि दव आतच राहतं. अशा पाइपला तळाशी निचऱ्याचं भोक ठेवा आणि गाडीच्या दारांच्या पोकळीत मारतात ते मेणयुक्त द्रावण लांब नळीने आत फवारा. हे वेल्डिंग संपल्यानंतरच, कारण मेण पेट घेतं.

फ्रेम गरम जस्तात बुडवून गॅल्वनाइज करायची असेल तर मात्र बंद पाइप चालतच नाही. आतली हवा आणि ओल तापून पाइप फुटतो.

उघड्या ठेवलेल्या भागांचं संरक्षण कसं करायचं?

सरकत्या पृष्ठभागांना स्लाइडवे ऑइल, ६८ ग्रेडचं चालतं. ते चिकट असल्याने ओघळून जात नाही. लीड स्क्रूला ग्रीस, पण लाकडाच्या भुशात चालणाऱ्या यंत्रात ग्रीसवर भुसा बसून लगदा होतो. तिथे पातळ तेल आणि वारंवार पुसणं बरं. टेबलाला मेणाचं पॉलिश लावा, म्हणजे लाकडावर तेलाचे डाग पडत नाहीत. ओला भुसा मात्र टेबलावर रात्रभर राहू देऊ नका. तो ओल धरतो, आणि टॅनिन जास्त असलेल्या लाकडाने काळे डाग पडतात.

डब्ल्यूडी-४० हे पाणी हटवायला चांगलं आहे, नावातली अक्षरंही (वॉटर डिस्प्लेसमेंट) तेच सांगतात. पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे अगदी पातळ पदर राहतो. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या यंत्राला लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ) किंवा मेणाचं आवरण द्या. सुटे भाग व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद) गुंडाळून पिशवी बंद करा.

छोट्या भागांना काळं करणं, म्हणजे ब्लॅकनिंग, कितपत उपयोगी?

जिथे जाडी वाढून चालत नाही तिथे उपयोगी: नट, हँडल, टूल पोस्टचे भाग. पण काळा थर स्वतः गंज फारसा अडवत नाही. तो तेल धरून ठेवतो, आणि अडवतं ते तेल. तेल सुकलं की गंज आलाच. भाग तापवून तेलात बुडवायची पद्धत साध्या लोखंडाला ठीक आहे. पाणी दिलेला भाग तापवून निळा केला तर तो ३०० अंशांच्या आसपास गेलेला असतो आणि त्याचं पाणी उतरतं.

गंजलेलं लोखंडच वापरायचं आहे. रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं स्थिर थरात रूपांतर करणारं द्रावण) लावून भागेल का?

सैल गंज तारेच्या ब्रशने काढल्यावर जो पातळ, घट्ट थर उरतो त्यावर तो काम करतो आणि काळा पडतो. जाड पापुद्र्यांवर तो फक्त वरवर पोचतो. चकचकीत स्वच्छ लोखंडावर लावायचं कारणच नाही. जुन्या यंत्राचे रंगवलेले भाग आणले असतील तर त्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका. पाण्याने ओलं करून घासा, मास्क घाला आणि चिखल कागदात गोळा करा.

रंग दिल्यावर अर्थिंगचा संपर्क होत नाही. काय करावं?

रंग वीज अडवतो, त्यामुळे अपेक्षितच आहे. अर्थिंगच्या बोल्टखाली रुपयाएवढी जागा उघडी खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीसचा हात द्या. बोल्टने जोडलेल्या फ्रेमचे तुकडे, रंगवलेलं दार आणि मोटरची प्लेट यांना स्वतंत्र वायर जोडा आणि मीटरने प्रत्येक भाग तपासा. हे यंत्र चालू करण्याआधी, नंतर नव्हे.

किती दिवसांनी जोडणी करावी?

दोन डब्यांच्या रंगाला साधारण आठवडा, ऑइल पेंटला दोन ते तीन आठवडे. नखाने दाबून वळ उठला तर अजून थांबा. घाई असेल तर निदान बोल्टच्या डोक्याखालची गोल जागा उघडी ठेवा किंवा तिथे जाड वॉशर घाला, नाहीतर कच्चा रंग बोल्टबरोबर फिरून गोळा होतो. जोडणी करताना पडलेले ओरखडे त्याच संध्याकाळी बारीक ब्रशने भरून टाका. त्यासाठी मूळ डब्यातला थोडा रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, बाटलीवर नाव आणि तारीख लिहून ठेवा.